वरची रांग

मुलांनो, थोडा वेळ माझ्याबरोबर एक शाळा डोळ्यांपुढे आणा. हिला दार एकच, आणि तेही अरुंद. घंटा झाली की सगळे एकदम निघतात. एकाच्या हातात नुसती चिठ्ठी आहे. दुसऱ्याच्या पाठीवर दप्तर आहे. तिसरा मात्र डोक्यावर लाकडी कपाट घेऊन निघालाय. का, ते मला विचारू नका. त्याला न्यायचंय, बस्स. आता सांगा, कपाटवाला दारात अडकला तर चिठ्ठीवाल्याचं काय होईल? चिठ्ठी खिशात मावेल एवढीशी आहे, पण तीही कपाटामागे ताटकळत उभी राहणार.

म्हणून दारात एक माणूस उभा करू. तो म्हणेल, तातडीची चिठ्ठी आहे ना, तू पुढे हो. दप्तरवाल्यांनो, तुम्ही एकेक करून या, या वर्गातला एक, मग त्या वर्गातला एक, म्हणजे कोणी रडायला नको. आणि कपाटवाल्या दादा, तू जरा टेक. गर्दी सरली की तुझंच दार.

इमारतीतल्या इंटरनेटच्या दारातही असा एक पहारेकरी बसवलेला असतो. त्याला फायरवॉल म्हणतात. तो माणूस नसतो, एक पेटी असते. बाहेरून नको ते आत येऊ न देणं हे त्याचं मुख्य काम. पण दार अरुंद असेल तर कोणाला आधी सोडायचं आणि कोणी किती वाट अडवायची, हेही त्यालाच सांभाळावं लागतं. पेटीला स्वतःची अक्कल नसते. तिला कोणीतरी शिकवावं लागतं, आणि शिकवणारा माणूसच असतो.

आपल्या गोष्टीत तो माणूस एका मुलीचा बाबा होता.

त्या मुलीला सगळे बटण म्हणत. हजेरीपटावर तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त बाईंना माहीत. लिफ्ट असो, टॉर्च असो, शेजाऱ्यांच्या दारावरची बेल असो, जिथे बटण दिसेल तिथे हिचं बोट गेलंच म्हणून समजा. लिफ्टमध्ये तिच्याबरोबर कोणी शिरलं की आधी विचारायचं, "बटण, आज सगळे मजले फिरवणार आहेस का?"

इमारत साधीच होती. तळमजल्यावर एक छोटं प्रसूतिगृह. त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, नकाशेवाल्या काकांचं ऑफिस. हे काका घरांचे आणि पुलांचे नकाशे काढत, तिथेच एकटे राहत, आणि कामात असले की दार वाजवणाऱ्यावर आधी खेकसत, मग त्याला खुर्ची देत. त्यांच्या वर घरं. या सगळ्यांना मिळून इंटरनेटची लाइन एकच, आणि ती सांभाळायचं काम बाबाचं. जिन्याखालच्या बुटक्या खोलीत ती पेटी होती, शेजारी एक टेबल, एक स्क्रीन, आणि बाबाची एक खुर्ची, जिचा एक पाय पुठ्ठ्याची घडी घालून टेकवला होता.

बाबाने पेटीला तीन रांगा शिकवल्या होत्या. मधल्या रांगेत सगळी घरं आणि ऑफिस. तिथे ज्याची त्याची पाळी, कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही. खालच्या रांगेत जड सामान, ज्याला थांबता येतं. आणि वरच्या रांगेत फक्त एक यंत्र, प्रसूतिगृहातलं. पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची रेषा ते यंत्र दुसऱ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना पाठवायचं. ती रेषा सुतासारखी बारीक. दारातून जायला तिला जागा लागतच नाही म्हटलं तरी चालेल. पण ती थांबता कामा नये, म्हणून ती वर.

"आणि आपण कुठल्या रांगेत?" बटणने एकदा विचारलं होतं.

"मधल्या."

"पण तू तर दारवाला आहेस."

"म्हणूनच मधल्या," बाबा म्हणाला होता.

तर त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. सकाळी बटण टॅबलेट छातीशी धरून जिन्याखालच्या खोलीत आली.

"बाबा, माझी फिल्म जातच नाहीये. गोगलगाय बरी."

"जाईल. जड आहे, म्हणून पेटीने तिला खालच्या रांगेत टाकलंय. तिथे लाइन मोकळी असली तरी थोडंथोडंच सोडतात."

"संध्याकाळच्या आत पोचली नाही तर स्पर्धेतून बाद."

"मग काल का नाही पाठवलीस?"

"काल मुंग्यांनी पंख गाळले ना. ते घेतल्याशिवाय कशी पाठवणार?"

ही फिल्म गच्चीच्या कठड्यातल्या मुंग्यांची होती. उन्हाळ्यापासून बटण त्यांच्यामागे होती. कठड्याला गाल लावून लावून तिच्या गालावर सिमेंटचा चरा उठला होता. बाबाने तो चरा रोज पाहिला होता. त्याने स्क्रीनकडे पाहिलं. सकाळची वेळ, लाइन ऐसपैस मोकळी, कोणाचंच काही अडत नव्हतं.

"ठेवतो तुला वरच्या रांगेत," तो म्हणाला. "पण पोचली की त्याच क्षणी मला सांगायचं. मी तुला काढून टाकेन. वर मी कोणाला ठेवत नाही, माहितीये ना?"

"माहितीये. स्वतःलासुद्धा नाही."

"आणि आईला सांगू नकोस. हसेल मला."

बटणने टॅबलेट घरी नेला, खिडकीशी चार्जरला लावून ठेवला आणि फिल्म पाठवायला लावली.

त्यानंतर थोड्याच वेळात आत्याला प्रसूतिगृहात आणलं.

आत्या म्हणजे बाबाची धाकटी बहीण. तिचे दिवस भरत आले होते, पण अजून अवकाश होता. सकाळपासून बाळाची हालचाल कमी वाटतेय म्हणून ती तपासायला आली, आणि इथल्या तरुण डॉक्टरताईंनी तिला जाऊच दिलं नाही. तिच्या पोटाला पट्टा बांधला. यंत्रातून ठोके ऐकू येऊ लागले, घोडा दौडावा तसे. मग मध्येच ते ठोके मंदावायचे, आणि पुन्हा दौड सुरू. दुसऱ्या शहरात बसलेल्या मोठ्या डॉक्टरांनी रेषा पाहिली आणि फोनवर सांगितलं, "घाबरू नका. मी बघतेय. रेषा मला सतत दिसत राहू दे, म्हणजे थांबायचं की घाई करायची ते मी सांगते."

आई आत्याजवळ बसली. आत्याचे यजमान कामासाठी परगावी होते, ते तिथून निघाले होते. बटणला आत जायची परवानगी नव्हती. ती दाराच्या काचेतून पाहत होती. आत्याने तिला पाहून जीभ काढून दाखवली, पण जीभ आत घेतल्यावर तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला.

आणि दुपारी लाइन तुटली.

कोपऱ्यावर रस्ता खणत होते. यंत्राचा पंजा जमिनीखालच्या केबलवर पडला. इमारतीची मोठी लाइन गेली. बाबाने अशा वेळेसाठी गच्चीवर एक अँटेना बसवून ठेवला होता. पेटीने आपली आपण त्याची लाइन घेतली. पण ती लाइन अगदीच किरकोळ. शाळेचं दार बंद झालं आणि सगळ्यांना खिडकीतून बाहेर जायला सांगितलं, असं समजा. त्यातून सगळ्या भागाचीच केबल गेलेली, त्यामुळे जो तो फोनवरून हवेतली लाइन वापरायला धावला, आणि ती खिडकीही चेपली गेली.

"ठीक आहे," बाबा स्वतःशीच म्हणाला. "याचसाठी तर रांगा केल्यात. वरची रांग आधी जाईल. बाकीचे थांबतील." हे बोलताना तो स्क्रीनसमोर नव्हता, प्रसूतिगृहाच्या दाराशी उभा होता.

आई बाहेर आली. "मोठ्या डॉक्टरांना रेषा तुटक दिसतेय म्हणे."

"तुटक म्हणजे?"

"थोडी येते, मग नुसतं पांढरं, मग एकदम ढीगभर येते. त्या म्हणाल्या असं चालणार नाही."

"इकडून आकडे सांगा ना फोनवर."

"सिस्टर सांगतायत. त्या म्हणतात, आकडे नकोत, वळण बघायचंय. ठोका उतरतो तो कसा उतरतो आणि कसा चढतो, त्यावर सगळं आहे."

बाबा जिन्याखाली धावला, मागोमाग बटण. त्याने खालची रांग बंदच केली. मग मधली रांग आवळली, इतकी की वरच्या मजल्यांवरून लगेच हाका सुरू झाल्या.

"अहो दारवाले, आमचं काय पाप?"

"बटणचा बाबा आहे का खाली? त्याला सांगा, माझी मीटिंग गोठलीये. साहेब तोंड उघडं ठेवून बसलेत."

"राहू दे तसंच," बाबा पुटपुटला. "माश्या जातील म्हणून मिटतील."

एरवी बटण हसली असती. आज ती स्क्रीनकडे वाकली.

स्क्रीनवर तीन पट्ट्या होत्या, एकेका रांगेची एकेक. खालची पट्टी आता रिकामी. मधली अगदी लहान. आणि वरची मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली.

"हे कसं?" बाबा म्हणाला. "सुताने दार कसं भरेल?"

"म्हणजे?"

"वरच्या रांगेत ठोक्यांची रेषा सोडून काहीच नाही. ती एवढीशी. मग ही पट्टी एवढी कशी?" त्याने कपाळ चोळलं. "कोणीतरी प्रसूतिगृहाच्या वायरीवर बसलंय. म्हणजे पेटीला वाटतंय की हे सगळं त्या यंत्राचंच आहे."

आणि मग त्याने मान वर करून छताकडे पाहिलं. बटणला कळलं, कारण तिलाही तेच आठवलं. गेल्या वर्षी नकाशेवाल्या काकांच्या ऑफिसातलं इंटरनेटचं सॉकेट बिघडलं होतं. काकांनी कोणाला न विचारता प्रसूतिगृहाच्या मागच्या खिडकीतून एक वायर वर ओढून घेतली आणि आपले भलेमोठे नकाशे तिच्यातून पाठवले. बाबा तेव्हा फार रागावला होता. काकांनी कान पकडले होते, अगदी खरेखुरे, दोन्ही हातांनी.

प्रसूतिगृहाच्या दारात डॉक्टरताई आल्या. त्यांचा आवाज शांत होता, पण त्या भरभर बोलत होत्या. "मोठ्या मॅडम म्हणतायत, रेषा नीट येणार नसेल तर ताईंना लगेच मोठ्या रुग्णालयात हलवा. मी गाडी सांगून ठेवते. पण रस्ता खणलाय, वळसा घालून जावं लागेल, आणि वाटेत काही झालं तर गाडीत माझ्याकडे काहीच नसेल. तुम्हाला थोडा वेळ देऊ शकते. थोडाच."

"देतो. आत्ता देतो," बाबा म्हणाला.

तेवढ्यात नकाशेवाले काकाच जिना उतरून आले. चष्मा कपाळावर, पायात नुसत्या चपला.

"काय रे, मला उपाशी का मारतोयस? मला संध्याकाळच्या आत पुलाचा नकाशा द्यायचाय. तिकडे माणसं खोळंबलीत."

"काका, खरं सांगा. प्रसूतिगृहाची वायर परत घेतलीत ना?"

काकांनी चष्मा डोळ्यांवर आणला. "काय म्हणालास?"

"आत माझी बहीण आहे. तिच्या बाळाचे ठोके बाहेर जात नाहीयेत. मी भांडत नाही, फक्त ती वायर काढा."

"मी वायर घेतलेली नाही. लाइन गेल्यापासून माझी यंत्रं गप्प आहेत. वर ये आणि बघ."

"मागच्या वेळीही तुम्ही आधी नाहीच म्हणाला होतात."

काकांनी चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. बटणला वाटलं ते खेकसतील. ते खेकसले असते तर बरं झालं असतं.

बाबा खुर्चीवरून उठला. "बटण, इथे बस. ही वरची पट्टी बघत राहा. मी मागच्या अंगणात जाऊन वायर ओढून काढतो. पट्टी खाली आली की मला हाक मार." आणि तो गेला. काका त्याच्यामागे गेले, सावकाश.

बटण खुर्चीवर बसली. पुठ्ठ्याचा पाय डुगडुगला. भिंतीपलीकडून ठोके ऐकू येत होते, घोडा दौडत होता. मग तो मंदावला. तिने श्वास रोखला. फार वेळाने, निदान तिला तसं वाटलं, घोडा पुन्हा पळू लागला.

अंगणाकडे उघडणाऱ्या झरोक्यातून तिला बाबा दिसत होता. खिडकीशी खरोखरच एक काळी वायर वर गेलेली होती. बाबाने तिला दोन्ही हातांनी हिसडा दिला. एक हिसडा, आणखी एक, आणि ती सगळीच्या सगळी खाली आली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसकट. चिमट्यांना राखाडी मोज्यांचा एक जोड लटकत होता.

"काढली," बाबा ओरडला. "आली का खाली?"

बटणने पट्टीकडे पाहिलं. पट्टी होती तशीच होती. टोकापासून टोकापर्यंत.

तिने मोज्यांकडे पाहिलं. मागच्या वर्षीची ती वायर आता काकांची नुसती कपडे वाळवायची दोरी होती, तिच्यातून नकाशे कुठून जाणार? म्हणजे काका खरं बोलत होते. म्हणजे वरच्या रांगेत दुसरंच कोणीतरी होतं.

वर मी कोणाला ठेवत नाही, माहितीये ना?

मुलांनो, आलं ना ध्यानात? डोक्यावर कपाट घेतलेला तो तिसरा मुलगा तीच होती. आणि तिला दारवाल्याने स्वतः हात धरून पुढे काढलं होतं.

बाबाच्या हे लक्षात कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. एखादा रोज सवलती देणारा माणूस असता तर त्याने आधी तेच तपासलं असतं, आज मी कोणाकोणाला पुढे सोडलंय? पण बाबाने आजवर कोणाला कधी सवलत दिलीच नव्हती. मग ती काढून घ्यायची सवय त्याला कुठून असणार? त्याच्या मनात वरची रांग कायम स्वच्छच होती. आणि आत बहीण होती. काळजी माणसाला जे दिसतं तेच पुन्हा पुन्हा बघायला लावते.

"आली का गं?" बाबाचा आवाज पुन्हा आला.

बटण खुर्चीवरून उठली. ती जिना चढत सुटली. लिफ्ट समोर उभी होती, तिचं बटण दिव्यासारखं लुकलुकत होतं, पण तिला ते दिसलंही नाही.

घरात खिडकीशी टॅबलेट तापून गरम झाला होता. फिल्मची निळी रेघ जवळजवळ शेवटाला पोचली होती. इतकी जवळ की मध्ये एक मुंगी जेमतेम मावली असती. थांबवली तर पुन्हा पहिल्यापासून पाठवावी लागणार, आणि या खिडकीएवढ्या लाइनीतून ती संध्याकाळच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. आणि ही रेघ? अजून जराशी. नाक शिंकरेपर्यंत पोचेल.

खालून ठोके इथवर येत नव्हते. इथे एकदम शांत होतं. त्या शांततेचीच तिला भीती वाटली.

तिने थांबवायचं बटण दाबलं. मग टॅबलेट पूर्ण बंद केला. मग, उगाचच, चार्जरही उपसला.

ती परत खाली पोचली तेव्हा जिन्याखालच्या खोलीत गर्दी होती. बाबा स्क्रीनसमोर उभा होता आणि वरची पट्टी खाली आलेली होती. अगदी बारीक, सुतासारखी. आई दारातून सांगत होती, "दिसतेय, आता नीट दिसतेय त्यांना." मग डॉक्टरताईंच्या हातातल्या फोनमधून मोठ्या डॉक्टरांचा आवाज आला. 

"हं. आता वळण कळतंय," आवाज म्हणाला. "उतरतोय, पण लगेच सावरतोय. बाळ दमलेलं नाही. हलवू नका तिला. गाडी परत पाठवा. कुशीवर वळवा, पाणी द्या, आणि ही रेषा मला अशीच हवी. लाइन बघणारे कोण आहेत, त्यांना म्हणावं जागेवरून हलू नका."

बाबा खुर्चीवर बसला. 

"वायरच होती," तो म्हणाला. "बघा. ओढली आणि मोकळं झालं."

"लगेच नाही झालं," सिस्टर म्हणाल्या. "जरा वेळ गेला."

"साठलेलं निघून जायला वेळ लागतो."

वरच्या मजल्यावरचे एक आजोबा जिन्यातून वाकून म्हणाले, "या नकाशेवाल्याला इमारतीतूनच काढा. माणसाला लाज हवी. कोणाच्या जिवाशी खेळ."

काका अंगणाच्या दारात उभे होते. हातात गुंडाळलेली काळी वायर. त्यांनी ती बाबाच्या टेबलावर नीट ठेवली, टोकं आत खोचून, जशी ते सगळीच कामं करत.

"बाळ ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आता आहे," बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाला.

"मग झालं." काका जिना चढून गेले. वर त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. आपटल्याचा नाही, लागल्याचा.

हळूहळू सगळे पांगले. खोलीत बाबा आणि बटण एवढेच उरले. बटणला उष्टं लपवल्यासारखं वाटत होतं. बाळ वाचलं होतं, म्हणजे वाचत होतं. आत्याला गाडीत घालून न्यायचं टळलं होतं. बाबाला सगळे शाबासकी देऊन गेले होते. फिल्म तर तिने थांबवलीच होती. आता कोणाला काही सांगितलं नाही तर काय बिघडणार होतं? काका तर आधीपासूनच वायर ओढणारे म्हणून प्रसिद्ध होते.

"बाबा."

"हं."

"वायरीवर मोजे होते."

"असतील."

"तू वायर ओढलीस तेव्हा पट्टी खाली नव्हती आली."

बाबाने मान वळवली.

"मी वर जाऊन फिल्म थांबवली," बटण म्हणाली, "तेव्हा आली."

 बाबा स्क्रीनकडे वळला आणि त्याने वरच्या रांगेवर बोट टेकवून ती उघडली. एकीकडे प्रसूतिगृहाचं यंत्र, आणि त्याच्या खाली, सकाळी त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, बटणचा टॅबलेट. त्याने ते पुसलं. मग काही वेळ तो काहीतरी भरत बसला.

"काय करतोयस?"

"वरच्या रांगेलाही माप घालतोय. सुताएवढंच. म्हणजे पुन्हा माझ्या हातून कोणी आत शिरलं तरी दार भरणार नाही." त्याने आकडा भरला. "हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. मला वाटायचं, मी आहे ना, माप कशाला."

"मी तुला सांगायला हवं होतं. पोचली की सांग, म्हणाला होतास."

"पोचलीच नव्हती ना. किती उरली होती?"

बटणने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मध्ये फट जवळजवळ नव्हतीच.

बाबाने डोळे मिटले आणि उघडले. मग तो उठला. "मी वर जाऊन येतो. काकांकडे."

पण दारात सिस्टर होत्या. "अहो, कुठे निघालात? मॅडम पुन्हा विचारतायत, लाइनवाले बसलेत ना जागेवर?"

बाबा उभ्यानेच घुटमळला. एकदा त्याने जिन्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, जिच्यापलीकडे घोडा दौडत होता. मग तो पुन्हा डुगडुगत्या खुर्चीवर बसला. त्याने आवळलेली मधली रांग सैल केली, पहिल्या मजल्यालाही सगळ्यांसारखी वाट दिली. पण कोणीतरी सांगितल्याशिवाय काकांना ते कळणार नव्हतं. त्यांनी यंत्रं बंद करून ठेवली होती. आणि आणखीही जे सांगायचं होतं, ते पेटी सांगू शकत नव्हती.

बटण मागच्या अंगणात गेली. मोजे तिथेच मातीत पडले होते, चिमट्यांसकट. तिने ते झटकले, फ्रॉकला घासून पुसले, एकात एक घालून त्यांचा गोळा केला. चिमटे खिशात भरले. मग ती जिन्याकडे निघाली. प्रसूतिगृहाच्या दारावरून जाताना तिने काचेतून डोकावलं नाही.

काकांच्या दाराबाहेर दिवा नव्हता. दारावरची बेल जुनी, पांढरी, मधोमध बोटाच्या मळाने पिवळी पडलेली. या बेलचं बटण तिने आजवर कितीतरी वेळा दाबून पळ काढला होता. आज ती तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही.

मोज्यांचा गोळा डाव्या हातात घट्ट धरून तिने बेल दाबली, आणि पळाली नाही.